अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

लहान मुलांना शिकविणे म्हणजे त्यांना चार घटका सांभाळणे, त्याला विद्वत्ता कशाला हवी, असा समज समाजात रूढ होता. त्या काळात प्राचार्यपद भूषविलेल्या एका पदवीधर स्त्रीने बालवाडीच्या वयाच्या मुलांची शिक्षिका होणे पसंत केले. त्या म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या सुधारकी वातावरणातील केळकर कुटुंबात झाला. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. विवाहानंतर त्यांचे वास्तव्य अमरावतीस होते. मात्र तो संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. एकट्या स्त्रीला स्थैर्य आणि प्रतिष्ठा देणारे ते पद होते.

भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. १९२३ साली ताराबाई तेथे रुजू झाल्या. माँटेसरी पद्धतीच्या त्या बालमंदिरात शिक्षा नव्हती आणि बक्षिसाचे आमिषही नव्हते. मूल काय करते, कुठे रमते, कुठे अडते हे शिक्षिकेने पाहावे आणि त्याप्रमाणे परिसराची मांडणी करावी, ही तेथील रीत होती. १९२६ साली या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मराठी शिक्षणपत्रिकेतून आणि १९३६ साली दादरला उभ्या राहिलेल्या शिशुविहारातून ताराबाईंनी हा विचार पालकांपर्यंत व नव्या शिक्षिकांपर्यंत नेला.

परंतु माँटेसरीची साधने महाग होती आणि बालमंदिरांत येणारी मुले बहुधा सुखवस्तू घरांतील होती. खेड्यातील गरीब मुलाचे काय, या प्रश्नाने ताराबाईंना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डीला नेले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या.

बालवाडी उघडली, पण वस्तीवरची मुले येईनात. त्यांच्या आईबापांना बोल लावणे सोपे होते. ताराबाईंनी शाळेचीच जागा बदलली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या दारी जावे, असे ठरवून शिक्षिका वस्तीच्या अंगणात जाऊ लागल्या. मुलांना गोळा करावे, न्हाऊ घालावे, नखे कापावीत, केस विंचरावेत, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, खडे, बिया, पाने आणि माती आली. त्यांवरच मोजणे, निवडणे, रंग ओळखणे होऊ लागले. धाकटे भावंड सांभाळणाऱ्या मुलीला शिकता यावे म्हणून पाळणाघराची सोय झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक थेट कुरणात गेले, तीच कुरणशाळा.

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकमेकींना जोडलेल्या होत्या. १९६२ साली शासनाने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांमुळे अंगणवाडी हा शब्द महाराष्ट्राबाहेरही गावोगावी पोहोचला. शाळा अंगणापर्यंत पोहोचली, हे ताराबाईंच्या कामाचे यश होय. त्या अंगणात बसणाऱ्या सेविकेला मात्र आजही वेतन नव्हे, मानधन मिळते. बालशिक्षिकेचे काम हे विद्येचे काम आहे, ही ताराबाईंनी प्राचार्यपद सोडून सिद्ध केलेली गोष्ट समाजाने पुरती मान्य करणे अजून बाकी आहे.