सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम... मूलद्रव्यांच्या नावांना ‘यम’ची सवय लावणारा माणूस

शाळेत मूलद्रव्यांची नावं पाठ करताना एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम... जिकडे बघावं तिकडे ‘यम’. आणि मध्येच क्लोरीन, आयोडीन असे ‘ईन’वाले.

हे शेवट रुळवण्यात एका माणसाचा मोठा हात आहे. त्याचं नाव हम्फ्री डेव्ही.

डेव्हीचा जन्म १७७८ चा, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्स गावचा. वडील लाकडावर कोरीव काम करायचे. १७९४ मध्ये ते वारले आणि पोरगा गावातल्याच एका सर्जनच्या हाताखाली काम शिकायला लागला. कॉलेजचं तोंड त्यानं पाहिलंच नाही. रसायनशास्त्र शिकला ते पुस्तकं वाचून.

१७९८ मध्ये त्याला ब्रिस्टलला नोकरी लागली. वायू हुंगून रोग बरे होतात का, हे तिथे तपासलं जायचं. हा गडी स्वतःवरच प्रयोग करायचा. नायट्रस ऑक्साइड म्हणजे ‘लाफिंग गॅस’ हुंगून मजा आली, पण कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू ओढला तेव्हा खरा यमच समोर उभा राहिला होता. थोडक्यात वाचला.

१८०१ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला. व्होल्टाची बॅटरी तेव्हा नवीकोरी होती. १८०७ मध्ये डेव्हीनं पोटॅशमधून वीज सोडली आणि चांदीसारखे चकाकणारे थेंब बाहेर आले, काही तर तिथेच पेटले. पाठोपाठ सोड्यातूनही तसाच पदार्थ मिळाला.

आता प्रश्न आला बारशाचा. हे पदार्थ सुरीनं कापता येतील इतके मऊ आणि पाण्यावर तरंगणारे. असला कुठे धातू असतो का? पण चकाकी आणि वीज वाहून नेण्याचा गुण बघून डेव्हीनं ठरवलं की हे धातूच. लॅटिनमध्ये सोनं ‘ऑरम’, लोखंड ‘फेरम’. त्याच चालीवर पोटॅशचं पोटॅशियम झालं आणि सोड्याचं सोडियम. १८०८ मध्ये कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि मॅग्नेशियमही हाती लागलं.

क्लोरीनची गोष्ट वेगळी. लाव्हाझियेला वाटायचं की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, म्हणून त्यानं ‘आम्ल तयार करणारा’ अशा अर्थाचं ‘ऑक्सिजन’ हे नाव ठेवलं होतं. त्यामुळे तो हिरवट वायूही ऑक्सिजनचं संयुग समजला जायचा. डेव्हीनं खूप खटपट केली, पण त्यातून ऑक्सिजन काही निघेना. १८१० मध्ये त्यानं जाहीर केलं की हे मूलद्रव्यच आहे. नाव मात्र सिद्धांतावरून नाही, रंगावरून ठेवलं. सिद्धांत उद्या चुकेल, रंग थोडाच बदलणार?

ॲल्युमिनियमनं मात्र त्याला दमवलं. हा धातू त्याला वेगळा काढता आलाच नाही, पण नाव आधीच ठरवलं. आधी ‘ॲल्युमियम’, मग १८१२ मध्ये ‘ॲल्युमिनम’. इतरांनी बाकीच्या नावांशी जुळावं म्हणून ‘ॲल्युमिनियम’ केलं. अमेरिका आजही ‘ॲल्युमिनम’च म्हणते.

त्याच वर्षी प्रयोगशाळेतल्या स्फोटात डेव्हीच्या डोळ्यांना इजा झाली. पुढच्या वर्षी त्यानं एका गरीब लोहाराच्या मुलाला मदतनीस म्हणून ठेवलं. तो मायकेल फॅरडे. पण चेला मोठा होऊ लागला, तेव्हा गुरूला ते झेपलं नाही. १८२४ मध्ये फॅरडेला रॉयल सोसायटीत घ्यायला सोसायटीचा अध्यक्ष असलेल्या डेव्हीनंच विरोध केला. फॅरडे तरीही निवडून आला.

१८२९ मध्ये जिनिव्हात डेव्ही गेला. वय अवघं ५०.

त्यानं रुळवलेले शेवट मात्र टिकले. २०१६ मध्ये चार नव्या मूलद्रव्यांची नावं ठरली. त्यात निहोनियम आणि मॉस्कोव्हियमला ‘यम’ मिळाला, तर क्लोरीनच्या रांगेतल्या टेनेसीनला ‘ईन’. चौथं ओगानेसॉन निऑन-आरगॉनच्या रांगेतलं, म्हणून त्याला ‘ऑन’.

म्हणजे आज आडनावावरून घराणं कळावं, तसं मूलद्रव्याच्या शेवटावरून त्याचं कुळ बऱ्याचदा ओळखता येतं.