सूरश्री केसरबाई केरकर : तबकडीत उरलेला सूर

फोंडा तालुक्यातील केरी या गावी १३ जुलै १८९२ रोजी केसरबाईंचा जन्म झाला. आठव्या वर्षी त्या कोल्हापूरला गेल्या आणि अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या. पुढे रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा थोर गुरूंकडे त्यांची तालीम झाली. १९२१ पासून मात्र त्या जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या झाल्या, त्या कायमच्या. कलकत्त्यात त्यांना ‘सूरश्री’ हा किताब मिळाला, १९६९ मध्ये पद्मभूषण.

ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत बाई फार चोखंदळ होत्या. मैफलीत तासभर फुलणारा राग तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांत बसवावा लागे. त्यामुळे एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांच्या त्यांच्या तबकड्या मोजक्याच आहेत.

त्या काळी गाणे मेणाच्या जाड चकतीवर कोरले जाई. त्यावर धातूचा थर चढवून उलटा ठसा काढत, तो ‘मास्टर’. मास्टरवरून ‘मदर’, मदरवरून ‘स्टँपर’ आणि स्टँपरने लाखेच्या तबकड्या छापत. स्टँपर झिजला तर मदरवरून नवा करता येई. पुढे लाँग प्ले रेकॉर्ड आल्यावर जुनी गाणी टेपवर उतरवली जाऊ लागली. धातूचे साचे उरले नसतील तिथे कुणीतरी जपलेली चांगली तबकडीच कामी येई. तिच्यातली खरखर फार पुसली, तर आवाजाची धारही बोथट होते.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसाठी नासाने जगभरचे संगीत निवडले. संगीतज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी केसरबाईंची भैरवी सुचवली. ती रेकॉर्ड बाजारातून गेलेली होती. शोधाशोध करून न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात ती सापडली. तिथून ती साडेतीन मिनिटे सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर गेली. दुसरे यान २० ऑगस्टला आणि पहिले ५ सप्टेंबरला निघाले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी बाई गेल्या.

आज केरीत त्यांच्या नावाचे हायस्कूल आहे आणि कला अकादमी त्यांच्या स्मृतीचा संगीत समारोह भरवते. पण त्यांचा सूर ऐकायचा तर आधार त्या थोड्या मुद्रणांचाच. आपल्या घरी माळ्यावर जुन्या तबकड्या असतील तर त्या एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात, आणि लाँग प्लेच्या सुईने वाजवू नयेत. एखादा सूर कदाचित तेवढ्याच तबकडीत उरलेला असेल.