दोस्तांचा हिशेब

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. युद्धालाही हा नियम चुकलेला नाही. देश एकटा लढत असेल तर निदान खिसा एकच असतो. चार दोस्तराष्ट्रे एकत्र आली की एकाकडे माणसे असतात, दुसऱ्याकडे कारखाने, तिसऱ्याकडे पत. आणि खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न तोफांच्या आवाजात मागे राहतो. दोन्ही महायुद्धांत हा प्रश्न ज्याच्या टेबलावर येऊन पडला, तो माणूस म्हणजे जॉन मेनार्ड केन्स. आमच्या पिढीने बँकेच्या परीक्षांसाठी त्याचे नाव घोकले ते मंदीवर औषध सांगणारा अर्थशास्त्रज्ञ म्हणून. दोस्तांची खातेवही सांभाळणारा केन्स मला नोकरी संपल्यावर भेटला, आणि तो अधिक जवळचा वाटला.

केन्सचा जन्म ५ जून १८८३ चा, केंब्रिजचा. १९०६ साली तो लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरीला लागला. तिथले त्याचे पहिले मोठे काम कोणते, तर एअरशायर जातीचे दहा तरुण वळू बोटीने मुंबईला रवाना करणे! हिंदुस्थानच्या चलनव्यवस्थेवर १९१३ मध्ये त्याने पुस्तक लिहिले. पण हिंदुस्थानात तो कधी आला नाही. आपला देश त्याने पाहिला तो फायलींतून आणि आकड्यांतून.

१९१५ च्या जानेवारीत त्याला ब्रिटिश अर्थखात्यात बोलावण्यात आले. वय अवघे एकतीस. पहिल्या महायुद्धाला पाच महिने झाले होते आणि फ्रान्स, रशिया, पुढे इटली या दोस्तांना धान्य, दारूगोळा, पोलाद सगळे हवे होते. माल मिळायचा अमेरिकेत. पण न्यूयॉर्कच्या बाजारात त्यांची पत पुरत नव्हती. मग ब्रिटनने स्वतःच्या नावावर कर्ज काढायचे आणि ते दोस्तांना पुढे द्यायचे, अशी रीत पडली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ब्रिटन सगळ्यांना जामीन राहिले. कोणत्या दोस्ताची कोणती मागणी खरी निकडीची, कोणती पुढे ढकलता येईल, हे तपासण्याचे काम केन्सकडे आले, आणि १९१७ साली परदेशी देण्याघेण्याचा विभागच त्याच्या हाती देण्यात आला. आघाडीवर माणसे मरत असताना मागणीपत्रावर काट मारणारा माणूस कोणाला आवडणार? पण तिजोरी रिकामी होत चालली होती. १९१७ च्या वसंतात ब्रिटनची न्यूयॉर्कमधील साधने संपत आली, तेवढ्यात अमेरिका युद्धात उतरली आणि जामीनदार थोडक्यात वाचला.

या रुक्ष कामातही त्याची रसिकता सुटली नाही. मार्च १९१८ मध्ये पॅरिसवर जर्मन तोफा डागल्या जात असताना तिथे चित्रकार देगा याच्या संग्रहाचा लिलाव होता. फ्रान्स आपले कर्ज कधी फेडील, हे केन्सला माहीत होते. त्या खात्यावर निदान चित्रे तरी घ्यावीत, असे त्याने आपल्या वरिष्ठांना पटवले आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीसाठी साडेपाच लाख फ्रँक मंजूर करून घेतले. बुडीत कर्जातून काहीतरी वसूल करण्याची ही तऱ्हा कोणत्याही वसुली अधिकाऱ्याने दाद द्यावी अशीच आहे.

युद्ध संपले आणि वही उघडली गेली. ब्रिटनने दोस्तांना सुमारे १७४ कोटी पौंड दिले होते. त्यातले ५६ कोटींहून अधिक एकट्या रशियाकडे, आणि तिथल्या नव्या राजवटीने सारे जुने कर्ज नाकारले होते. ब्रिटनने स्वतः अमेरिकेकडून घेतलेले ८४ कोटी मात्र डोक्यावर होते. केन्सने १९१९ मध्ये सुचवले की दोस्तांनी आपापसांतील ही कर्जे सरसकट माफ करावीत. एकाने रक्त दिले, एकाने पैसा दिला. पैशावर व्याज लावायचे आणि रक्ताचा हिशेबच धरायचा नाही, हे न्यायाचे नव्हते. कोणी ऐकले नाही. जर्मनीवर लादलेल्या खंडणीच्या मुद्द्यावर त्याने जूनमध्ये राजीनामा दिला आणि वर्षअखेर त्या तहावर घणाघाती पुस्तक लिहिले.

न ऐकल्याची किंमत पुढे मोजावी लागली. १९२३ साली ब्रिटनने ६२ वर्षांच्या हप्त्यांनी फेड कबूल केली. मंदीत फ्रान्सने आणि मग ब्रिटननेही हप्ते थांबवले. चिडलेल्या अमेरिकेने १९३४ मध्ये कायदा केला की थकबाकीदार देशांना नवे कर्ज नाही. पाचच वर्षांनी हिटलरने युद्ध पेटवले, तेव्हा ब्रिटनला अमेरिकेतून माल घ्यायचा तो रोखीने. सोने आणि डॉलर आटल्यावर, मार्च १९४१ मध्ये, लेंड-लीजचा कायदा आला. त्यात नोटा द्यायच्याच नव्हत्या. माल द्यायचा, हिशेब मागाहून. एकूण सुमारे ५ हजार कोटी डॉलरचा माल अमेरिकेने दोस्तांना दिला.

केन्सला १९३७ मध्येच हृदयविकाराने गाठले होते. तरी १९४० मध्ये तो बिनपगारी अर्थखात्यात परतला आणि १९४१ ते १९४६ या काळात सहा वेळा अमेरिकेला गेला. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आले आणि काही दिवसांत लेंड-लीज एकदम बंद झाले. केन्स वॉशिंग्टनला गेला तो मदत देणगी म्हणून मिळेल या आशेने. ६ डिसेंबर १९४५ रोजी सही झाली ती ३७५ कोटी डॉलरच्या कर्जावर, २ टक्के व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीने. २१ एप्रिल १९४६ रोजी तो गेला. त्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटनने २००६ च्या अखेरीस भरला.

इथपर्यंत केन्स मला आपल्या बाजूचा वाटतो. पण वहीचे आणखी एक पान आहे आणि ते आपले आहे. १९३९ च्या नोव्हेंबरात ठरले की हिंदुस्थानच्या संरक्षणाबाहेरचा लष्करी खर्च ब्रिटन देईल. प्रत्यक्षात रुपये इथे खर्च व्हायचे आणि त्यांच्या बदल्यात लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावे पौंड जमा दाखवले जायचे. नोटा वाढत गेल्या, महागाई भडकली, १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. आणि लंडनच्या खात्यात आपली जमा युद्धाअखेर १३० कोटी पौंडांवर, म्हणजे १,७३३ कोटी रुपयांच्या घरात गेली. अर्धपोटी देश साम्राज्याचा सावकार झाला होता.

१९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत हिंदी प्रतिनिधींनी या शिलकेचा प्रश्न मांडला. त्यांत रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, आपले चिंतामणराव देशमुख होते. केन्सने देणे मान्य केले, पण तो ब्रिटन आणि धनको यांच्यातला घरचा मामला म्हणून परिषदेबाहेर ठेवला. पुढच्याच वर्षी या शिलकांचा काही भाग धनकोंनी सोडून द्यावा, असा त्याचा आराखडा होता. १९१९ चा तोच युक्तिवाद: दोस्तांनी एकमेकांचे कर्ज माफ करावे. फरक एवढाच की तेव्हा श्रीमंताने सोडायचे होते, आता गरिबाने. आणि या गरिबाला युद्धात उतरताना कोणी विचारलेही नव्हते. आपण ते सोडले नाही. तरी १९४८ च्या करारात १० कोटी पौंड ब्रिटिशांनी इथे मागे ठेवलेल्या लष्करी सामानापोटी त्याच शिलकेतून वळते झाले.

म्हणून केन्स लहान ठरतो का? मला तसे वाटत नाही. दोस्तीतले देणे हे साधे देणे नसते, हे त्याच्याइतके स्वच्छ कोणी पाहिले नव्हते. चुकले ते एवढेच की, स्वतःचे घर बुडत असताना समोरच्या खातेदाराचे घर त्याला फायलीतून दिसले नाही. वळू रवाना करणाऱ्या तरुणालाही मुंबई दिसली नव्हतीच.

२०२५ मध्ये हेग येथे नाटोच्या देशांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्के संरक्षणावर खर्चण्याचे कबूल केले, तेव्हा मला हीच वही आठवली. टक्के ठरले, कोणाचे काय देणगीत धरायचे आणि काय उधारीत, ते ठरणे कठीणच. कर्ज देताना कागदावर एक ओळ कमी लिहिली, तर वसुलीच्या वेळी पिढ्या भांडतात, हे आम्ही शाखेत पाहिले आहे. देशांचे निराळे असते, असे समजण्याचे कारण नाही.