तालिमेरेन आओ

डॉ. तालिमेरेन आओ (२८ जानेवारी, १९१८ - १३ सप्टेंबर, १९९८) हे भारतीय फुटबॉलपटू व वैद्यकीय अधिकारी होते. ते टी. आओ या नावानेही ओळखले जातात. स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचे ते पहिले कर्णधार होत. कोलकात्याच्या मोहन बागान क्लबकडून ते बचावफळीत खेळत.

सुरुवातीचे जीवन
आओ यांचा जन्म तत्कालीन आसाम प्रांतातील नागा हिल्स जिल्ह्यात, चांगकी या गावी झाला. त्यांचे वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. इंपूर येथील मिशनच्या आवारात आओ यांना फुटबॉलची गोडी लागली. १९३५ साली वडिलांचे विषमज्वराने निधन झाले. मुलाने डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची इच्छा होती. आओ यांच्या पुढील आयुष्यातील महत्त्वाच्या निर्णयांमागे हीच इच्छा होती. जोरहाट येथील शालेय शिक्षणानंतर त्यांनी गुवाहाटीच्या कॉटन महाविद्यालयात प्रवेश घेतला.

क्लब कारकीर्द
गुवाहाटीत ते महाराणा क्लबकडून आघाडीच्या फळीत खेळत. १९४२ साली वैद्यकीय शिक्षणासाठी ते कोलकात्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात (सध्याचे आर.जी. कर वैद्यकीय महाविद्यालय) दाखल झाले. पुढील वर्षी मोहन बागानने त्यांना संघात घेतले. तेथे त्यांची आघाडीची जागा बदलून त्यांच्याकडे बचावाची जबाबदारी आली. उंच, धिप्पाड शरीरयष्टी आणि चेंडू अडवण्याचे कौशल्य यांमुळे ते या जागी स्थिरावले. पुढे ते क्लबचे कर्णधार झाले. वैद्यकीय अभ्यास आणि क्लबचे सामने ही दोन्ही कामे त्यांनी अनेक वर्षे बरोबरीने सांभाळली.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द
१९४८ च्या लंडन ऑलिंपिक स्पर्धेत भारतीय फुटबॉल संघ प्रथमच सहभागी झाला. आओ या संघाचे कर्णधार होते. वेम्बली येथील उद्‌घाटन समारंभात भारताचा ध्वज वाहण्याचा मानही त्यांना मिळाला. ३१ जुलै रोजी इलफर्ड येथे भारताचा सामना फ्रान्सशी झाला. भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. पूर्वार्धात फ्रान्सने आघाडी घेतली. उत्तरार्धात सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली. मात्र भारताला मिळालेल्या दोन्ही पेनल्टी किक वाया गेल्या आणि अखेरच्या मिनिटांत फ्रान्सने निर्णायक गोल केला. हा सामना भारताने १-२ असा गमावला, तरी संघाच्या खेळाचे प्रेक्षकांनी कौतुक केले.

वैद्यकीय सेवा
१९५० साली आओ यांनी एम.बी.बी.एस. पदवी मिळवली. त्यानंतर दिब्रुगढच्या वैद्यकीय महाविद्यालयात काही काळ काम करून १९५३ साली ते कोहिमाच्या शासकीय रुग्णालयात रुजू झाले. फुटबॉलमध्ये नाव मिळालेले असतानाही त्यांनी कोलकाता सोडून नागा प्रदेशात रुग्णसेवा करणे पसंत केले. १९६३ साली नागालँड राज्य अस्तित्वात आले. पुढे ते राज्याच्या आरोग्य सेवेचे संचालक झाले. १९७८ साली ते निवृत्त झाले.

सन्मान
आसाममधील कालियाबोर येथील क्रीडांगणाला आणि कॉटन महाविद्यालयातील बंदिस्त क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. ईशान्य भारतातील राज्यांच्या संघांसाठी २००९ साली सुरू झालेल्या फुटबॉल स्पर्धेलाही त्यांच्या स्मरणार्थ डॉ. टी. आओ करंडक असे नाव देण्यात आले.