फ्रँक स्प्रेग

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या शहरांतील लोकांची ने-आण जनावरांच्या बळावर चाले. रस्त्यात लोखंडी रूळ टाकलेले असत आणि त्यांवरून घोडे किंवा खेचरे ट्रामगाड्या ओढीत. चढ आला म्हणजे त्या मुक्या जिवांचे हाल पाहवत नसत. हे ओझे त्यांच्या पाठीवरून उतरवून विजेवर टाकण्याचे अवघड काम ज्याने करून दाखविले, तो फ्रँक स्प्रेग होय.

त्याचा जन्म २५ जुलै १८५७ रोजी अमेरिकेतील मिलफर्ड या गावी झाला. लहानपणीच आईचे छत्र हरपल्यामुळे तो नातलगांच्या घरी वाढला. पुढे त्याने आरमारी विद्यालयात प्रवेश मिळविला व १८७८ मध्ये तेथील शिक्षण उत्तम रीतीने पुरे केले. १८८२ मध्ये एका प्रदर्शनाच्या निमित्ताने तो लंडनला गेला. तेथील भुयारी रेल्वे त्या काळी वाफेच्या इंजिनावर चाले. धुराने कोंदलेल्या त्या भुयारातून प्रवास करताना, हीच गाडी विजेवर चालली तर किती बरे होईल, हा विचार त्याच्या मनात घर करून बसला. दुसऱ्याच वर्षी त्याने आरमार सोडले आणि थोर संशोधक एडिसन याच्याकडे नोकरी धरली. पण एडिसनचे लक्ष विजेच्या दिव्यांकडे होते, तर स्प्रेगचे विजेच्या मोटारीकडे. म्हणून १८८४ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली.

१८८७ मध्ये त्याच्या कसोटीची वेळ आली. व्हर्जिनिया राज्यातील टेकड्यांवर वसलेले रिचमंड हे त्या वेळी सुमारे ८०,००० वस्तीचे मध्यम शहर होते. तेथे विजेच्या ट्रामगाड्या सुरू करण्याचे काम स्प्रेगने पत्करले. १२ मैलांच्या मार्गावर तारा टाकायच्या, वीजघर उभारायचे आणि प्रत्येकी दोन मोटारींच्या ४० गाड्या तयार करायच्या. आणि हे सारे अवघ्या ९० दिवसांत! मोबदला १,१०,००० डॉलर ठरला, पण काम पसंत पडले तरच पैसे मिळणार होते. एवढा मोठा विजेचा ट्राममार्ग तोवर कोणीही यशस्वी करून दाखविला नव्हता.

काम हाती येते न येते तोच स्प्रेग विषमज्वराने अंथरुणाला खिळला. बरा होऊन तो रिचमंडला आला, तेव्हा तेथील चढ पाहून त्याच्या छातीत धस्स झाले. तरीही एका रात्री त्याने स्वतः गाडीची चाचणी घेतली. गाडी चढ चढून गेली. पण मोटार तापली आणि भर गर्दीच्या ठिकाणी तिने दगा दिला. बघे जमले. मोटारीत किरकोळ बिघाड झाला आहे असे सांगून स्प्रेगने सहकाऱ्याला काही उपकरणे आणावयास पाठविले आणि स्वतः दिवे मालवून गाडीतच पडून राहिला. गर्दी पांगल्यावर ती उपकरणे आली. ती होती चार धट्टीकट्टी खेचरे! ज्या जनावरांना सोडवायचे, त्यांच्याच मदतीने त्या रात्री विजेची गाडी घरी न्यावी लागली.

अशा फजितीने दुसरा एखादा खचला असता. स्प्रेगने मोटारीची दंतचक्रे बदलली. मोटारीची एक बाजू चाकांच्या आसावर आणि दुसरी स्प्रिंगवर टांगली, त्यामुळे रुळांवरचे धक्के तिला कमी बसू लागले. डोक्यावरील तारेतून वीज घेण्यासाठी गाडीच्या छपरावर चाक लावलेला दांडा बसविला. ठरलेली मुदत टळून गेली होती. पण २ फेब्रुवारी १८८८ रोजी रिचमंडची विजेची ट्राम नियमितपणे धावू लागली. त्यानंतरही गाड्या वारंवार बिघडत आणि कामगार रात्र रात्र जागून त्या दुरुस्त करीत. या कामात कंपनीला सुमारे ७५,००० डॉलरचा तोटा सोसावा लागला; पण स्प्रेगने ते अर्धवट टाकले नाही.

त्याच वर्षी बॉस्टन शहराच्या ट्राम कंपनीचे प्रमुख हेन्री व्हिटनी रिचमंडला आले. अनेक गाड्या एकाच ठिकाणाहून एकदम निघाल्या तर वीज पुरेल काय, अशी शंका त्यांना होती. स्प्रेगने एका रात्री २२ गाड्या ओळीने उभ्या केल्या आणि एकामागून एक सोडल्या. दिवे क्षणभर मंदावले, पण सर्व गाड्या निघून गेल्या! बॉस्टनने वीज स्वीकारली आणि मग शहराशहरांतून घोड्यांच्या ट्राम हळूहळू मागे पडल्या.

१८९७ मध्ये स्प्रेगने आणखी एक युक्ती सिद्ध केली. अनेक डब्यांत मोटारी बसवून त्या सर्वांवर एकाच चालकाने एका जागेवरून ताबा ठेवायचा, ही ती युक्ती होय. ती इतकी सोपी ठरली की, चाचणीच्या वेळी त्याच्या लहान मुलानेही सहा डब्यांची गाडी चालवून दाखविली. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी सुरू झालेली विजेची लोकल याच तत्त्वावर धावू लागली.

२५ ऑक्टोबर १९३४ रोजी स्प्रेग निवर्तला. १९४९ मध्ये रिचमंडची ट्रामही बंद झाली आणि तिची जागा बसगाड्यांनी घेतली. साधने अशी बदलत जातात. परंतु चारचौघांत फजिती झाली असता कामातील उणीव शोधणारा आणि तोटा सोसूनही अंगावर घेतलेले काम तडीस नेणारा माणूस प्रत्येक काळाला हवाच असतो. स्प्रेग हा अशा माणसांपैकी एक होता.