इब्न नफीस : डोळ्यांचे हकीम, हृदयाचे संशोधक

शरीरातल्या रक्ताभिसरणाचा शोध विल्यम हार्वे यांनी १६२८ साली लावला, असं आपली मुलं शाळेत शिकतात. ते चुकीचं नाही. पण हृदयातून रक्त फुप्फुसात जातं आणि हवा घेऊन परत हृदयात येतं, ही गोष्ट त्याआधी जवळपास चारशे वर्षं एका मुस्लिम हकिमाने लिहून ठेवली होती. त्यांचं नाव अलाउद्दीन इब्न नफीस.

त्यांचा जन्म १२१३ च्या सुमारास दमास्कस परिसरात झाला. सुलतान नूरुद्दीन यांनी उभारलेल्या नूरी रुग्णालयात त्यांनी त्या काळचे नामवंत हकीम अद-दखवार यांच्याकडे वैद्यकशास्त्र शिकून घेतलं. पुढे ते कैरोला गेले आणि उरलेलं आयुष्य तिथेच काढलं. इजिप्तच्या हकिमांचे प्रमुख झाले. सुलतान बैबर्स यांच्यावरही तेच उपचार करत.

पण ते फक्त हकीम नव्हते. कैरोच्या मसरूरिया मदरशात ते शाफई फिकह शिकवायचे. आपल्या कोकणातले मुस्लिम ज्या शाफई मसलकावर चालतात, त्याच मसलकाचे हे आलिम. दीनी इल्म वेगळं आणि दुनियेचं इल्म वेगळं, अशी भिंत त्यांच्या आयुष्यात कुठे दिसत नाही.

वैद्यकातली मोठी भिंत मात्र त्यांनीच पाडली. ग्रीक वैद्य जालिनूस म्हणजे गॅलन यांचं मत होतं की हृदयाच्या मधल्या पडद्याला न दिसणारी छिद्रं असतात आणि त्यातून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपतं. हजार वर्षांहून जास्त काळ सगळे तेच शिकत आले. इब्न सीना यांच्या ‘अल-कानून’मध्येही तेच होतं. १२४२ पर्यंत, म्हणजे तिशीच्या आसपास असतानाच, इब्न नफीस यांनी ‘अल-कानून’च्या शरीररचनेच्या भागावर शरह लिहिली. त्यात त्यांनी स्पष्ट सांगितलं की हा पडदा जाड आणि घट्ट आहे, त्यात छिद्रं नाहीत. मग रक्ताला रस्ता एकच उरतो. उजव्या कप्प्यातून ते फुप्फुसात जातं, तिथे हवेत मिसळतं आणि मग डाव्या कप्प्यात येतं.

इब्न सीना हृदयाला तीन कप्पे मानत. इब्न नफीस यांनी दोनच असल्याचं सांगितलं. हृदयाच्या स्नायूला पोषण कप्प्यातल्या रक्तातून मिळत नाही, तर त्या स्नायूत पसरलेल्या रक्तवाहिन्यांतून मिळतं, हेही त्यांनीच मांडलं. आज हार्ट अटॅक आला की डॉक्टर ज्या वाहिन्यांत अडथळा शोधतात, त्या याच.

डोळा हाही त्यांच्या अभ्यासाचा मोठा विषय होता. ‘अल-मुहज्जब’ या नेत्रवैद्यकावरच्या किताबात डोळ्याची रचना, नजर, डोळ्याचे आजार आणि त्यांची औषधं असं सगळं आहे. डोळ्याच्या मागचे स्नायू नजरेच्या नसेला आधार देतात, हे जुनं मतही त्यांनी नाकारलं. मोठ्यांचा आदर ठेवायचा, पण त्यांचं म्हणणं पारखूनच घ्यायचं, ही त्यांची रीत होती.

‘अश-शामिल’ हा वैद्यकाचा विश्वकोश त्यांनी तीनशे खंडांचा करायचं ठरवलं होतं. त्यातले ऐंशी खंड हयातीत पूर्ण झाले. ‘मुजज’ हा त्यांचा छोटा ग्रंथ तर भारतातल्या युनानी हकिमांच्या शिक्षणातही होता.

१७ डिसेंबर १२८८ रोजी कैरोत त्यांचा इंतिकाल झाला. चरित्रकार सांगतात की शेवटच्या आजारात हकिमांनी औषध म्हणून दारू घ्यायला सांगितली, पण त्यांनी ती घेतली नाही. आपलं घर आणि सगळी किताबं त्यांनी कैरोच्या मन्सूरी रुग्णालयाला देऊन टाकली होती.

यानंतरची हकीकत मात्र मनाला लागते. ‘मुजज’ सगळीकडे शिकवला गेला, पण हृदयाचा शोध ज्या शरहमध्ये होता ती फार थोड्यांनी वाचली. शेवटी १९२४ साली जर्मनीत शिकणारे इजिप्तचे डॉक्टर मुहयुद्दीन ततावी यांना बर्लिनच्या ग्रंथालयात तिचं हस्तलिखित मिळालं आणि दुनियेला ही गोष्ट कळली. तोवर सहाशेहून जास्त वर्षं निघून गेली होती.

आमच्याकडे सगळं आधीच होतं, असं सांगून भागत नाही. होतं ते आपणच उघडून पाहिलं नाही, हेही तितकंच खरं आहे. इब्न नफीस यांची आठवण ठेवायची असेल तर मुलांना त्यांचं नाव पाठ करायला लावून पुरेसं होणार नाही. हे असंच का, असा सवाल मुलाने घरात किंवा वर्गात केला, तर त्याला गप्प बसवू नका. त्याला किताब काढून द्या आणि त्याच्यासोबत बसून वाचा.