फारिनेली : न फुटलेल्या आवाजाची किंमत

मुलगा वयात येताना त्याचा आवाज फुटतो. वृषणांतून तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे स्वरयंत्र मोठे होते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज खाली उतरतो. हा बदल झालाच नाही तर काय होते, हे अठराव्या शतकातील गायक फारिनेली यांच्या आयुष्यावरून समजते.

त्यांचे खरे नाव कार्लो ब्रोस्की. जन्म 1705 मध्ये, दक्षिण इटलीतील आंद्रिया गावी, संगीतकारांच्या घरात. त्या काळी चर्चमध्ये स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती. त्यामुळे गोड गळ्याच्या काही मुलांची वृषणे आवाज फुटण्यापूर्वीच निकामी केली जात. चर्चची अशा शस्त्रक्रियेला बंदी होती, म्हणून घरचे लोक घोड्यावरून पडणे वगैरे कारणे सांगत. कार्लोवरही लहानपणीच ही शस्त्रक्रिया झाली. एवढ्या लहान मुलाला आपण काय गमावणार आहोत हे समजणे शक्यच नव्हते.

नेपल्समध्ये निकोला पोर्पोरा यांच्याकडे शिकून 1720 मध्ये, पंधराव्या वर्षी, ते लोकांसमोर गायले. स्वरतंतू मुलाचे, पण छाती व फुप्फुसे मोठ्या माणसाची. त्यामुळे स्त्रियांच्या सोप्रानो पट्टीतले उंच सूर ते प्रचंड दमसासाने गात. 1734 ते 1737 या काळात त्यांनी लंडन गाजवले.

1737 मध्ये स्पेनच्या राणीने त्यांना माद्रिदला बोलावले. राजा पाचवा फिलिप तीव्र नैराश्याने आजारी होता. फारिनेली त्याच्यासाठी रात्री गात. राजाला त्याने आराम पडला, पण आजार पूर्ण गेला नाही. संगीत आधार देते, उपचारांची जागा घेत नाही. राजा 1746 मध्ये वारला. फारिनेली पुढच्या राजाच्याही दरबारी राहिले. नंतर ते बोलोन्याला परतले आणि 1782 मध्ये, 77 व्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले.

2006 मध्ये संशोधकांनी त्यांचे अवशेष उकरून तपासले. हातापायांची हाडे लांब होती. वयात आल्यावर लैंगिक संप्रेरकांमुळे हाडांच्या टोकांजवळील वाढीच्या पट्ट्या बंद होतात आणि उंची थांबते. फारिनेलींच्या हाडांत इतक्या उतारवयातही या पट्ट्यांच्या खुणा शिल्लक होत्या. हाडे ठिसूळ झाली होती. कपाळाचे हाड आतून जाड झाले होते. हा बदल सहसा पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये दिसतो. म्हणजे टेस्टोस्टेरॉनची कमतरता फक्त गळ्यापुरती राहत नाही. हाडे, स्नायू आणि प्रजननक्षमता यांवरही तिचा परिणाम होतो.

आज सोप्रानो गाणारे बहुतेक पुरुष फॉल्सेटो तंत्राने, म्हणजे स्वरतंतूंच्या फक्त कडा कंप पावतील अशा पद्धतीने गातात. त्यांच्या शरीरात काही कमी नसते.

पालकांनी लक्षात ठेवावे:

• 14 वर्षे पूर्ण होऊनही मुलाच्या वृषणांची वाढ सुरू झाली नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. बऱ्याचदा वयात येण्याला फक्त उशीर झालेला असतो. वडिलांनाही उशीर झाला होता का, हे आठवून सांगा.

• डॉक्टर रक्तातील संप्रेरके तपासतात आणि हाडांचे वय पाहण्यासाठी हाताचा एक्स-रे काढतात. खरी कमतरता असल्यास चांगले उपचार आहेत. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नका.

• दाढी-मिशा आल्या, शरीर वाढले, पण आवाज बारीकच राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना भेटा. स्वरयंत्र निरोगी असेल तर वाचा-उपचाराने आवाज बहुतेक वेळा सुधारतो.

• मुलाच्या आवाजावरून त्याची चेष्टा करू नका, इतरांनाही करू देऊ नका. लाजेपोटी तो गप्प राहतो आणि तपासणी लांबते.

फारिनेलींना कोणी विचारले नव्हते. आपल्या मुलाला मात्र विचारा, त्याचे ऐका आणि वेळेवर डॉक्टरांकडे न्या.